पिकते शेत, नांदते रान

शेताच्या एका कोपऱ्यात उंबर-जांभूळ लावायचे, पाण्याचे टाके बांधायचे, फाटकावर मोराचे चित्र काढायचे आणि आपले शेत आता पशुपक्ष्यांचेही झाले असे मानायचे, अशी सुरुवात बहुतेक जण करतात. हेतू चांगला असतो, क्रम मात्र उलटा असतो. त्याच शेतात प्लास्टिकचे अस्तर घातलेले उघडे शेततळे असते, बिनकठड्याची विहीर असते, उंदरांसाठी पेरलेल्या विषाच्या गोळ्या असतात. पाण्याच्या आणि सावलीच्या ओढीने जी जनावरे येतात, त्यांतली काही इथेच मरतात. म्हणून ज्यांना शेती कसायची आहे, तिच्यावर पोट भरायचे आहे आणि तरीही तिथे रानाला जागा द्यायची आहे, त्यांना माझे सांगणे असे: आधी शेतातली मरणाची ठिकाणे बंद करा. मग आहे ते राखा. नवे काही लावायचे, आणायचे, बांधायचे ते सगळ्यात शेवटी.

शेततळ्यापासून सुरुवात करा. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, पण त्याच्या आधीपासूनच द्राक्ष-डाळिंबाच्या भागात अस्तराची तळी वाढत होती. दुष्काळी पट्ट्यात ती फळबागेचा प्राण आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण मार्च उलटला की काळवीट, चिंकारा, खोकड, तरस, रानमांजर असे कोणीही त्या पाण्याकडे वळते. अस्तराचा उतार निसरडा असतो, खुराला किंवा नखाला पकड मिळत नाही, आणि आत पडलेले जनावर काठाकाठाने पोहत राहून दमते आणि बुडते. तळ्याभोवती जाळीचे कुंपण हवेच, त्याचे दार बंद राहायला हवे. त्याशिवाय आत चारही बाजूंनी काथ्याच्या जाड दोरीची जाळी सोडा. ती वर काठावरच्या खुंटाला पक्की बांधलेली आणि खाली तळापर्यंत पोहोचलेली असली पाहिजे, कारण उन्हाळ्यात पाणी खाली जाते आणि अर्ध्यावर लटकणारी जाळी नेमकी तेव्हाच निकामी ठरते. काथ्या मिळत नसेल तर जुने टायर दोराने एकाखाली एक बांधून सोडले तरी चालते. खर्च तळ्याच्या मानाने किरकोळ आहे आणि पाय घसरलेल्या माणसालाही हीच जाळी वर आणते. शेततळ्यात बुडालेल्या मुलांच्या बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतोच.

कुंपणाच्या बाहेर, वस्तीपासून आणि पिकापासून दूर, परातीसारखा उथळ पाणवठा करून ठेवा. काठ उतरता असावा, म्हणजे लहान पिलू किंवा सरडाही आत जाऊन बाहेर येऊ शकेल. आठवड्यातून एकदा तो घासून धुवा. साचलेले घाण पाणी रोग पसरवते, आणि असा पाणवठा नसलेलाच बरा.

विहिरीला कंबरभर उंचीचा कठडा बांधा. वापरात नसलेल्या विहिरीवर लोखंडी जाळी टाका. रात्री शिकारीमागे धावणारा बिबट्या, रस्ता चुकलेले कोल्ह्याचे पिलू, शेजाऱ्याची गाय, सगळ्यांसाठी उघडी विहीर सारखीच. जनावर पडलेच तर गर्दी करू नका, महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पथक येईपर्यंत दोराने खाट किंवा जाड ओंडका खाली सोडला तर त्या जिवाला टेकायला आधार मिळतो. तेवढे करून मागे सरा.

तारांबद्दल स्पष्टच बोलायला हवे. रानडुकरांसाठी खांबावरून आकडा टाकून कुंपणात वीज सोडणे हा गुन्हा आहे, आणि त्या तारेला रानडुकराच्या आधी पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूस चिकटतो. सौर झटका कुंपण वेगळे. त्यात क्षणभराचा ठोका बसतो, जनावर मागे फिरते, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळते; आपले गाव यादीत आहे का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. क्लचवायरचे फासे मात्र कोणत्याही शेतात दिसता कामा नयेत. फास रानडुकरासाठी लावला जातो आणि त्यात बिबट्या, तरस, कुत्रा, वासरू काहीही अडकते. मजुरांपैकी कोणी ते लावत असेल तर त्यालाच बोलावून नीट समजावून सांगा. मालक याकडे डोळेझाक करतो, म्हणून ते चालत राहते.

आता विष. फोरेट, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडचे थिमेट, ३१ डिसेंबर २०२० पासून वापरायला बंदी आहे. जुना साठा कोठे पडला असेल तर तो वापरू नका. उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनसारखी औषधे टाकली की उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि गव्हाणी घुबडाच्या, पिंगळ्याच्या किंवा धामणीच्या तोंडी लागतो. विष तसेच पुढे जाते. ज्यांनी उंदीर फुकट मारले असते, त्यांनाच आपण पैसे खर्चून मारतो. बिळे शोधून खणणे, बांधावरच्या बिळांत पाणी सोडणे, सापळे लावणे ही कामे कष्टाची आहेत, पण घुबड आणि धामण राखायची असतील तर दुसरा मार्ग नाही.

गोठ्यातले औषधही यात येते. गिधाडे संपत आली ती डायक्लोफेनॅकमुळे. जनावरांच्या दुखण्यावर दिलेले हे औषध मेलेल्या गुराच्या मांसात राहते आणि ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून ते गोठ्यात येत राहिले, म्हणून २०१५ मध्ये बाटलीचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित केला गेला. २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन या औषधांचाही जनावरांसाठीचा वापर बंद झाला. तुमच्या शेतावर गिधाड उतरत नसेल, पण तुमचे मेलेले बैल कोठे तरी नेले जातातच. जनावराला वेदनाशामक द्यायची वेळ आली की डॉक्टरांना मेलॉक्झिकॅम द्या असे सांगा. ते गिधाडांना सुरक्षित आहे आणि सहज मिळते. आणि बिबट्याने किंवा लांडग्याने मारलेल्या शेळीवर राग काढायला कधीही विष शिंपडू नका. त्या एका शेळीवर आसपासचे सगळे मांसाहारी जीव मरतात आणि लांडगा, तरस, बिबट्या मारला म्हणून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तुमच्यावर खटला उभा राहतो.

बांध पेटवण्याची सवयही सोडायला हवी. टिटवी, चंडोल, तित्तर उघड्या जमिनीवर किंवा गवताच्या आडोशाला अंडी घालतात. मार्च-एप्रिलच्या आगीत ती होरपळतात. उसाचे पाचट जाळण्याऐवजी सरीत पसरून ठेवले तर ओल टिकते, तण कमी होते, गांडुळे वाढतात, हे आता बहुतेक ऊसवाल्यांना माहीत आहे. तरी ‘खोडव्याला अडचण होते’ म्हणून काडी लावली जाते. कुट्टी करून पसरा, अडचण होत नाही.

ऊस म्हटला की बिबट्या आलाच, आणि त्याच्याबद्दल गोड बोलून चालणार नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर या पट्ट्यात बिबट्यांच्या अनेक पिढ्या उसातच जन्मल्या आहेत. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या त्या शेतीच्या भागात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे त्यांना आढळले, तेही दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत असताना. याच भागातल्या बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा होता. यातून शेतकऱ्याने घ्यायचे ते साधे आहे. वस्तीवर उष्टे-खरकटे, मेलेल्या कोंबड्या, जनावरांची वार उघड्यावर टाकली की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. कचरा पुरा. कुत्र्यांना रेबीजची लस द्या आणि रात्री बंदिस्त जागेत ठेवा. मोकाट कुत्री चिंकाऱ्याच्या पाडसांची आणि माळावरच्या अंड्यांचीही मोठी वैरी आहेत. शेळ्यांचा गोठा चारही बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद हवा. अंधार पडल्यावर लहान मुले अंगणात एकटी नकोत, उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करणे नको. माणसांवर हल्ले होतात, लेकरे जातात, हे खरे दुःख आहे. ‘सहजीवन’ हा शब्द उच्चारण्याआधी ही काळजी पुरी झाली पाहिजे. अंधारात पाणी द्यायला शेतात जावे लागू नये म्हणून शेतीला दिवसा वीज मिळावी, ही मागणी वन्यजीव राखणाऱ्यांचीही असली पाहिजे.

ऊसतोड सुरू करताना एका बाजूने करा, चारही बाजूंनी घेरत आत येऊ नका, म्हणजे आत लपलेल्या रानमांजराला, कोल्ह्याला किंवा बिबट्याला निघायला वाट राहते. तोडीत बिबट्याची पिल्ले सापडली तर हात लावू नका, फोटो काढत बसू नका, घरी तर मुळीच नेऊ नका. टोळीला त्या फडातून बाहेर काढा आणि वन विभागाला कळवा. पिल्ले जिथे सापडली तिथेच रात्री सुरक्षित ठेवली की बहुतेक वेळा मादी येऊन त्यांना घेऊन जाते. जुन्नर भागात हे अनेकदा यशस्वी झाले आहे. पिल्ले हलवली तर चिडलेली मादी त्याच शिवारात फिरत राहते आणि त्याचा त्रास तुमच्याच मजुरांना होतो.

एवढे झाले की निम्म्याहून अधिक काम झाले, असे मी म्हणेन. यापुढचे काम बहुतांशी काही न करण्याचे आहे, आणि कष्टाळू माणसाला तेच जड जाते.

शेताचा सगळा तुकडा नांगराखाली आलाच पाहिजे, हा हट्ट सोडा. प्रत्येक शेतात मुरमाड टेकाड, ओढ्याची घळ, दलदलीचा कोपरा, पडीक पट्टा असतो. त्यातून मिळणारे उत्पन्न तसेही नगण्य असते. तिथे जेसीबी घालू नका. ओढ्याच्या दोन्ही काठांना काही हात रुंदीची झाडी वाढू द्या. करंज, उंबर, पाणजांभूळ, निर्गुडी आपोआप येतात आणि पुरात काठही धरून ठेवतात. रुंद बांध हे शेतातले सर्वांत मोठे आश्रयस्थान. बोर, हिवर, बाभूळ, थोर, घाणेरी यांच्या गचपणात मुंगूस, साप, तित्तर, सुगरण, कितीतरी जीव राहतात. ट्रॅक्टर वळावा म्हणून बांध कोरत नेण्याची जी रीत पडली आहे, तिने शेजाऱ्याशी भांडणही होते आणि हे सगळे जीव बेघरही होतात. वाळलेले झाड उभे असेल आणि ते घरावर किंवा तारांवर पडणार नसेल तर राहू द्या. पिंगळा, तांबट, सुतार, पोपट यांना ढोली मिळते ती अशाच खोडांत.

माळावर झाडे लावू नका. वृक्षारोपणाच्या उत्साहात सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, अकोला, वाशिम भागातली गवताळ राने बुजली आहेत. तिथला लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा, तणमोर, धाविक या सगळ्यांना उघडे, गवताळ, दूरवर नजर जाणारे रान लागते. गिरिपुष्प किंवा सुबाभळीची रांग लावून तुम्ही त्यांच्यासाठी काहीच केलेले नसते. माळ असेल तर चराई वाटून घ्या, एका भागाला एक हंगाम विश्रांती द्या, आणि पवन्या, मारवेल, कुसळी बी धरून पडेपर्यंत कापू नका. ज्या माळांवर धनगरांचे वाडे परंपरेने बसतात, तिथे धनगरांशी भांडण काढू नका. लांडग्याबरोबर नांदण्याचे जे शहाणपण त्या समाजाकडे आहे ते आपल्याकडे नाही.

झाडे लावायचीच तर घराभोवती, बांधावर, ओढ्याकाठी लावा, आणि आसपासच्या डोंगरात किंवा देवराईत जी आहेत तीच लावा. उंबर आणि वड पहिल्यांदा. ऐन टंचाईत फळ देणारी ही झाडे पक्ष्यांना जगवतात. मग पळस, पांगारा, सावर, कारण उन्हाळ्याच्या तोंडाला यांच्या फुलांवर मधमाश्या आणि मैनांची झुंबड उडते. मधमाश्या राखायच्या असतील तर पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळा, आणि अगदीच करावी लागली तर सूर्य मावळल्यावर करा. डाळिंब, कांदा बियाणे, सूर्यफूल घेणाऱ्याला याचा हिशेब उत्पन्नात दिसतो.

हरभऱ्यात आणि तुरीत पक्षीथांबे लावा. साधी काठी, वर आडवी काठी. हेक्टरी २० ते ५० थांबे अशी शिफारस असते. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू त्यावर बसून घाटेअळी टिपतात आणि रात्री पिंगळा उंदरावर नजर ठेवतो. ज्वारीत मात्र दाणा भरू लागला की थांबे काढून घ्या, नाहीतर तिथे बसून तेच पक्षी कणसे खातील. भोरड्या हिवाळ्यात मध्य आशियातून येतात, टोळ-नाकतोडे फस्त करतात आणि मग ज्वारीवरही पडतात. दोन्ही खरे आहे, आणि गोफण हातात घेऊन राखण करण्यात काही चूक नाही. नायलॉनची बारीक जाळी मात्र टाळा, तिच्यात पक्षी आणि साप गुरफटून हाल होऊन मरतात. रब्बी ज्वारीभोवती काटेरी करडईचे तास पेरण्याची जुनी रीत पुन्हा आणा. जनावरे बिचकतात आणि घरचे तेलही होते.

नुकसान होणार, हे मान्य करूनच या वाटेला लागा. किती सोसायचे ते आधीच घरात ठरवा. शासनाची भरपाई पुरी पडत नाही, पण ती न मागणे हा मोठेपणा नाही. पिकाचे नुकसान तीन दिवसांच्या आत कळवावे लागते, पशुधन मारले गेले तर ४८ तासांच्या आत. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवू नका, पावलांचे ठसे आणि नुकसानीचे फोटो तारखेसह काढून ठेवा, सातबारा आणि बँकेच्या पासबुकाची प्रत तयार ठेवा.

पिकते शेत आणि वन्यजीव यांचे सर्वांत सुंदर उदाहरण महाराष्ट्रात पाहायचे तर गोंदियाला जा. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांतला सर्वांत उंच पक्षी तिथल्या धानाच्या बांधीत घरटे करतो. पावसाळ्यात पाण्यात गवताचा आणि धानाच्या काड्यांचा मोठा ढीग रचतो, त्यात साधारण दोन अंडी घालतो आणि महिनाभर नर-मादी आळीपाळीने उबवतात. शेतकऱ्याच्या हिशेबी धानाचा एक छोटा गोल तेवढा जातो. बाकी शेत नेहमीसारखे पिकते. फक्त त्या गोलाभोवती फवारणी टाळायची, रोज कुत्र्यांना हाकलायचे आणि गर्दी होऊ द्यायची नाही. ‘सेवा’ ही तिथली संस्था शेतकऱ्यांबरोबर वर्षानुवर्षे हे काम करते आहे. तरी राज्यातले सारस आता मोजकेच उरले आहेत, आणि त्यांच्या मरणाची कारणे शेतावरचीच आहेत: विजेच्या तारा आणि कीटकनाशके. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. न्यायालय तारा हलवायला सांगू शकते. घरट्याशेजारी उभ्या शेतकऱ्याने पंप पाठीवर घ्यायचा की नाही, ते मात्र त्यालाच ठरवावे लागते.

आता पाटीचा आणि कागदाचा प्रश्न. ‘अभयारण्य’ हा कायद्यातला शब्द आहे. ते राज्य सरकार घोषित करते, मालक नाही. आणि शेतावर वरून लादलेल्या अभयारण्याचे काय होते ते नान्नजच्या माळढोक अभयारण्याने दाखवले. १९७९ मध्ये ते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे घोषित झाले. त्यात सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली गावेच्या गावे, खासगी शेते, वस्त्या आल्या. जमिनीचे व्यवहार अडले, रोष वाढला, आणि पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केले गेले. तोवर माळढोक जवळपास संपला होता. ज्या शेतकऱ्यांच्या मटकी-हुलग्याच्या रानात तो चरत होता, त्यांना त्याच्या बाजूने उभे करण्याचे काम मागे राहून गेले.

स्वेच्छेने काही करायचे असेल तर वन्यजीव कायद्यात ‘समुदाय राखीव क्षेत्र’ ही तरतूद आहे. गावाने किंवा एखाद्या व्यक्तीने पुढाकार घेतला तर खासगी जमीनही तशी घोषित होऊ शकते. कर्नाटकातले कोकरे बेल्लूर हे गाव २००७ मध्ये असे क्षेत्र झाले. तिथे झोळीवाले (पेलिकन) आणि रंगीत करकोचे गावातल्या चिंचांवर घरटी करतात आणि त्यांची विष्ठा शेतात खत म्हणून वापरली जाते. पण अर्जाआधी एक गोष्ट नीट वाचा: एकदा घोषणा झाली की जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता लागते. सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या भावा-बहिणींशी आणि मुलांशी बोलल्याशिवाय हे पाऊल टाकू नका. बहुतेकांना त्याची गरजही नाही. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत आपल्या शेतावरचे जीव, झाडे, घरटी यांची नोंद करून घ्या. रस्ता, खाण किंवा औद्योगिक वसाहत येऊ घातली तर तीच नोंद कामी येते.

कृषी पर्यटन करायचे तर खोल्या कमी ठेवा, रात्रीचे दिवे आणि लाउडस्पीकर बंद ठेवा, पाहुण्यांना प्राणी हमखास दिसतील अशी हमी देऊ नका. त्या हमीपोटीच मांस टाकून तरस बोलावणे, मोरांना दाणे घालून अंगणात आणणे सुरू होते. घरट्यांची आणि बिळांची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

आणि एकट्याने करू नका. पाच-दहा एकरांचे शेत खोकडाला किंवा काळविटाला पुरत नाही, तो तुमच्या बांधावरून शेजारच्या रानात जाणारच. तिथे फास किंवा वीज सोडलेली तार असेल तर तुमच्याकडची सगळी मेहनत त्या एका रात्रीत संपते. म्हणून दर हंगामात बांधाला बांध लागून असलेल्या एका तरी शेजाऱ्याकडे जा, त्याचे नुकसान ऐकून घ्या, पंचनाम्याच्या वेळी त्याच्याबरोबर उभे राहा, आणि मग त्याला आपल्याबरोबर यायला सांगा.